आई-बाबा नोव्हेंबरात जपानला येताहेत: रेल्वे पास, गुडघे आणि दाशी

निशिगंध:

क्योतोत एक वर्षाच्या एक्सचेंजवर आहे, व्हिसा 'र्यूगाकु' म्हणजे विद्यार्थ्याचा, राहायला विद्यापीठाचं वसतिगृह. दिवाळी आटोपली की आई-बाबा पुण्याहून येणार. १२ ते २४ नोव्हेंबर असं डोक्यात आहे. बाबा ६४, आई ६०. आईचे गुडघे दुखतात, चढताना फारसं नाही पण जिना उतरताना जास्त. दोघं शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांना बीपी आणि साखरेच्या गोळ्या आहेत. खर्च ते स्वतः करणार.

क्योतो, हिरोशिमा आणि शेवटी तोक्यो एवढं करायचं आहे. माझे तास सोमवार ते गुरुवार असतात. प्रश्न असे: व्हिसासाठी मी इथून निमंत्रणपत्र पाठवायचं का? सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास तिघांसाठी घ्यावा का? आणि रोज जेवायचं काय? बारा दिवस दोघांना केळी आणि ब्रेडवर ठेवता येणार नाही.

---

व्हरांडा:

व्हिसाचं आधी. ते स्वतःच्या पैशाने फिरायला येत असतील तर साधा पर्यटक व्हिसा काढा. निमंत्रणपत्राच्या वाटेला जाऊ नका. निमंत्रण दिलंत की कारणपत्र, दिवसवार कार्यक्रम, नात्याचा पुरावा, तुमच्या रेसिडेन्स कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत असे सगळे कागद लागतात. खर्चाची हमी घेतली तर तुमचं उत्पन्नही दाखवावं लागतं. याच वर्षी आलेल्या विद्यार्थ्याकडे कर भरल्याचा दाखला नसतो, आणि अर्ज नेमका तिथेच लंगडा पडतो. बाबांची बँक स्टेटमेंट आणि आयकर रिटर्न जास्त वजनदार. कार्यक्रमात 'मुलगी क्योतोत शिकते, तिला भेटणार' हे मात्र खरं ते लिहा, लपवू नका.

भारतीयांना पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) केंद्रातूनच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिनेच चालतो, त्यामुळे जुलैत काढून ठेवायची घाई नको. आणि पासपोर्टवर स्टिकर येत नाही. विमानतळावर फोनमध्ये ई-व्हिसाच्या साइटवर जाऊन व्हिसाची नोटीस चालू इंटरनेटवर उघडून दाखवायची असते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट यांतलं काही धरत नाहीत. म्हणून बाबांच्या फोनमध्ये ई-सिम मुंबईतच घालून ठेवा आणि लॉगिन त्यांच्याकडून दोनदा करून घ्या. पासवर्ड फक्त तुमच्याकडे आणि तुम्ही क्योतोत, असं झालं की पंचाईत.

'व्हिझिट जपान वेब'चा (इमिग्रेशन-कस्टमची ऑनलाइन नोंद) क्यूआरही आधी भरून ठेवा. दोघांचं एकाच खात्यातून करता येतं.

औषधं: डॉक्टरने लिहून दिलेली महिनाभराची नेता येतात, बारा दिवसांना पुरून उरतात. मूळ पाकिटात ठेवा, सोबत चिठ्ठी इंग्रजीत. अडचण बीपीच्या गोळीची नसते, सर्दीच्या गोळीची असते. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेता येत नाही. घरातला 'सर्दी-ताप'चा डबा जसाच्या तसा बॅगेत टाकायची सवय असते, तो उघडून मागचं बारीक छापलेलं वाचा. प्रवास विमाही घ्या, तुमच्या इथल्या आरोग्य विम्यात ते येत नाहीत.

---

देशस्थ_पाहुणा:

जेआर पास डोळे झाकून घ्या. क्योतो-हिरोशिमा-क्योतो-तोक्यो म्हटलं की वसूल होतोच.

---

झेलम_एक्सप्रेस:

वरचा सल्ला जुना झाला. २०२३च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० झाला. हिशोब मांडून बघा. क्योतो-तोक्यो एकेरी साधारण १४,०००. क्योतो-हिरोशिमा जाऊन-येऊन साधारण २३,०००. म्हणजे ३७,०००, आणि तेही सगळं एकाच आठवड्यात कोंबलं तर. शिवाय पासवर नोझोमीत, म्हणजे सगळ्यात जलद शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेन), बसायचं तर वेगळे पैसे.

आणि मुख्य गोष्ट. निशिगंध, तुम्हाला तो पास मिळतच नाही. पासपोर्टवर 'तात्पुरते पाहुणे' असा शिक्का असलेल्यांनाच तो मिळतो. तुमचा दर्जा र्यूगाकु. चेहरा परदेशी असून चालत नाही, काउंटरवर शिक्का बघतात. म्हणजे गाडी एकच, पण आई-बाबांचे नियम वेगळे आणि तुमचे वेगळे. सगळी आखणी हे धरूनच करायची.

त्यांच्यासाठी जेआर वेस्टचा कान्साइ-हिरोशिमा पास बघा: १७,००० येन, सलग पाच दिवस. त्यात ओसाकाच्या कान्साइ विमानतळाची हारुका एक्सप्रेस, शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकान्सेन (नोझोमीसुद्धा), मियाजिमा बेटाची जेआर फेरी आणि नाराची गाडी येते. क्योतो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा तुकडा मात्र येत नाही, कारण ती लाइन दुसऱ्या कंपनीची. लोक क्योतोलाच शिंकान्सेनच्या फाटकावर जातात आणि अडकतात. क्योतोहून शिनकाइसोकु (जेआरची साधी जलद गाडी) घ्यायची, शिन-ओसाका जेमतेम २५ मिनिटं, तिथून वर जाऊन शिंकान्सेन.

तुमच्या तारखांना तो चपखल बसतो. १२ला, गुरुवारी, विमानतळावर पास सुरू करून हारुकाने क्योतो. १३ला आराम. १४-१५ शनिवार-रविवार तिघं हिरोशिमा, मियाजिमा, परतताना ओकायामा. १६ला तुमचे तास, तेव्हा ते दोघं नारा. पाच दिवस संपले.

ओकायामा का, तर पुण्याचे आहात म्हणून. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं, ती कोराकुएन ओकायामात आहे. स्टेशनवरून ट्रामने थोडं जाऊन मग चालत. वाटा सपाट आहेत, गुडघ्यांना काही नाही.

तुमचं तिकीट पूर्ण पैशाचं. विद्यार्थी सवलत, म्हणजे 'गाकुवारी', १०० किलोमीटरपेक्षा लांबच्या जेआर प्रवासाला मूळ भाड्यावर २० टक्के मिळते. पण ती पदवीच्या नियमित विद्यार्थ्यांना, एक्सचेंजवाल्यांना बहुतेक विद्यापीठं देत नाहीत. तरी ऑफिसात एकदा विचारा, फुकट आहे. आणि सेइशुन १८ हे साध्या गाड्यांचं स्वस्त तिकीट तिघांत वाटून घ्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. २०२४च्या हिवाळ्यापासून ते एका माणसाचं आणि सलग दिवसांचं झालं.

तोक्योत पोचल्यावर एक दिलासा: जेआर ईस्टचा तोक्यो वाइड पास, तीन दिवस १५,००० येन, परदेशी पासपोर्ट असलेल्या कुणालाही मिळतो. इथल्या रहिवाशालाही. तोक्योबाहेर निक्को किंवा कावागुचिको करायचं असेल तर तिघांनाही हाच पास चालतो. फक्त तोक्यो शहर बघायचं असेल तर नको, पैसे पाण्यात.

---

कामो_काठ:

झेलम यांच्या आखणीला दुजोरा. त्यात एक भर: २३ नोव्हेंबरला सुट्टी आहे, सोमवार. म्हणजे २१-२२-२३ सलग तीन दिवस, आणि क्योतोत मोमिजी, म्हणजे मेपलची लाल पानं, ऐन रंगात. त्या तीन दिवसांत क्योतोत राहू नका. २०ला, शुक्रवारी, तोक्योला निघा आणि परतीचं विमान तिथूनच घ्या. येताना ओसाका, जाताना तोक्यो असं तिकीट काढलं की उलटा प्रवास वाचतो.

राहायचं: वसतिगृहात पाहुण्यांना रात्री बहुधा ठेवू देत नाहीत, त्या भरवशावर राहू नका. क्योतो शहराने २०२६च्या मार्चपासून मुक्कामाचा कर वाढवलाय. माणशी रात्रीचा दर ६,००० ते २०,०००च्या आत असेल तर माणशी रोज ४०० येन, बहुतेक ठिकाणी वेगळे मागतात. नोव्हेंबरात खोल्या नाही मिळाल्या तर ओत्सु बघा. जेआरने क्योतोपासून दहा मिनिटं, दुसरं स्टेशन, आणि क्योतोचा कर तिथे नाही. खोली घेताना 'डबल' नको, 'ट्विन' घ्या. डबल म्हणजे कित्येकदा १४० सेंटिमीटरचा एकच पलंग. जपानी पद्धतीची खोली फोटोत सुरेख दिसते, पण फुतोन, म्हणजे गादी, जमिनीवर. सकाळी आई उठणार कशा याचा विचार करा.

आता गुडघे. फुशिमी इनारीच्या देवळात सगळे डोंगर चढायच्या नादाला लागतात. जेआर इनारी स्टेशन देवळाच्या दारातच आहे. तिथून सेम्बोन तोरीइपर्यंत जा, दाट लाल कमानी तिथेच आहेत, आणि मागे फिरा. वरचा योत्सुत्सुजीपर्यंतचा रस्ता पायऱ्यांचा आहे, आणि जितकं चढाल तितकं उतरायचं. कियोमिझुला बस जिथे सोडते तिथून देऊळ चढावर आहे. तिथे टॅक्सी करा. तिघांचे बसचे ६९० होतात, आणि दीड-दोन किलोमीटरला टॅक्सी साधारण हजार. तीनशे येनसाठी आईंना गर्दीत उभं करू नका. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं, बाबांना सांगून ठेवा, नाहीतर ते ओढत बसतात.

फक्त बसचा जो दिवसाचा पास होता तो बंद झाला. आता सबवे आणि बस मिळून १,१०० येनचा आहे. पाच फेऱ्या होणार असतील तरच. बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं, पैसे उतरताना. यंत्र हजाराची नोट मोडून देतं, दहा हजाराची नाही.

तुम्ही वर्गात असताना दोघं आपापले जाऊ शकतील अशी एक जागा: सान्जूसान्गेन्दो हे बौद्ध देऊळ. सपाट, छपराखाली, जिना नाही. कान्नोन या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्ती सगळे बघतात. आई-बाबांना मात्र पुढच्या रांगेतल्या २८ रक्षक मूर्ती सावकाश बघायला सांगा. बासरी वाजवणारा चोचवाला 'कारुरा' म्हणजे आपला गरुड. 'ताइशाकुतेन' म्हणजे इंद्र. नारायण आहे, महेश्वर आहे. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे लोक चक्क बघतात. बूट बाहेर काढायचे. नाडीचे बूट दोघांनाही नकोत, दिवसात सहा वेळा वाकावं लागेल.

---

मेतकूट:

जेवणाचं मी सांगते. इथला घोळ मांसाचा कमी आणि दाशीचा जास्त. दाशी म्हणजे सारासाठीचं पाणी, आणि ते बहुधा कात्सुओच्या, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या, किसाचं असतं. ताटात मासा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही तो 'मासा' वाटत नाही. मिसो सूप, उदोन, आगेदाशी तोफू, भाज्यांचं निमोनो, थंड सोबाची बुडवायची चटणी, सगळीकडे तोच. इनारी-झुशीला लोक शाकाहारी समजतात, पण बाहेरचं तोफूचं पाकीट दाशीतच शिजवलेलं असतं. नात्तोच्या (आंबवलेलं सोयाबीन) डबीतल्या सॉसच्या पुडीतही कात्सुओ. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यात, सुद्धा कधी कधी. कोंबिनीत (चोवीस तास उघडं छोटं दुकान) बिनघोर घ्यावी ती शिओ-मुसुबी, नुसत्या मिठाची. सोबत एदामामे (सोयाबीनच्या शेंगा), फळं, दूध, दही (घटकांत 'झेराचिन', म्हणजे जिलेटिन, नाही ना बघून).

'व्हेजिटेरियन' म्हणून काम होत नाही. वरचं हॅम काढून आणून देतात. असं विचारा:

"निकु तो साकाना तो तामागो वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?"

म्हणजे मांस, मासा, अंडं खात नाही, यात कात्सुओची दाशी आहे का? हे जपानी लिपीत मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या खिशात एकेक कागद द्या. फोनवर भाषांतर दाखवण्यापेक्षा कागद लवकर वाचला जातो आणि स्वयंपाकघरात नेताही येतो. पुढे एक ओळ जोडा: कोम्बु (समुद्री शेवाळ) किंवा शिइताकेची (मशरूम) दाशी चालेल. पर्याय दिला की लोक 'नाही' म्हणायच्या आधी विचार करतात.

तेम्पुराच्या पिठात अंडं असतं, आणि तेल कोळंबी तळलेलंच. बाजारातल्या करी रूमध्ये (करीची तयार वडी) प्राण्यांची चरबी असते. कोको इचिबानया या करीच्या साखळीच्या बऱ्याच दुकानांत मांसाचे घटक नसलेली वेगळी करी मिळते, अडीअडचणीला बरी. तोक्यो स्टेशनच्या फाटकाआत टीज तानतान आहे, रामेन पूर्ण वनस्पतीज.

एक वेळ बाहेर, एक वेळ खोलीत असं ठेवा. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली बघा आणि राइस कुकर तुमचाच तिकडे न्या. इथला तांदूळ इंद्रायणीसारखा चिकट होतो, मेतकूट-तुपाला याहून चांगला भात नाही. आईंनी मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, कोरडे लाडू-चिवडा आणावा. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, फळं अजिबात आणू नयेत. ताज्या पाला-फळांना भारत सरकारचा वनस्पती तपासणीचा दाखला लागतो, तो नसला की विमानतळावरच काढून घेतात. मांस असलेलं कुठलंही पाकीट नको, सीलबंद असलं तरी.

---

निशिगंध:

बाप रे, इनारी-झुशी मी स्वतः शाकाहारी समजत होते. सगळ्यांचे आभार, तारखा झेलम आणि कामो_काठ म्हणतात तशाच धरते.

तीन उपप्रश्न. आई घरची इलेक्ट्रिक किटली आणि छोटा इंडक्शन आणते म्हणतेय, चालेल का? मोठ्या बॅगा शिंकान्सेनमध्ये नेऊ देतात का? आणि १७-१८ला, मंगळवार-बुधवार, दोघांना कोयासानला, त्या डोंगरावरच्या देवळांच्या गावी, एक रात्र पाठवावं का? मी एक दिवस तास बुडवून जाऊ शकते.

---

झेलम_एक्सप्रेस:

इंडक्शन-किटली दोन्ही नको. इथे १०० व्होल्ट. आपली १५०० वॅटची किटली २३० व्होल्टसाठी बनवलेली असते. व्होल्टेज निम्म्याहून खाली आलं की ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते, जेमतेम २८० वॅट उरतात. पाणी कोमट होईस्तोवर चहाची इच्छा मरते. इंडक्शन तर बहुधा चालूच होत नाही. फोनचा चार्जर चालतो, त्यावर १००-२४० लिहिलेलं असतं, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. किटली हॉटेलात असतेच.

बॅगा: लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपर्यंत काही प्रश्न नाही. १६० ते २५० असेल तर डब्यातल्या शेवटच्या रांगेमागची जागा सीटसोबतच राखून ठेवायची, त्याला जादा पैसे नाहीत. न राखता आणली तर १,००० येन. विमानाची मर्यादा १५८ असते, त्यामुळे वाटतं आपण आत आहोत. पण मोजताना चाकं आणि हँडल धरा, तिथेच चार-पाच सेंटिमीटर वाढतात.

मी तरी बॅगा सोबत नेऊच नका म्हणेन. क्योतोच्या हॉटेलच्या काउंटरवर १९ला सकाळी ताक्क्यूबिनला (सामान पोचवणारी सेवा) द्या, २०ला तोक्योच्या हॉटेलात. काळ्या मांजराच्या चिन्हाची यामातो कंपनी सगळीकडे आहे. मोठ्या बॅगेला अंतराप्रमाणे दोन-तीन हजार येन धरा. १६० आकाराला वजन २५ किलोपर्यंत. चिठ्ठीवर तोक्योच्या हॉटेलचं बुकिंग ज्या नावावर आहे तेच नाव आणि पोचायची तारीख लिहा. बुकिंग तुमच्या नावावर आणि बॅग बाबांच्या, असं झालं की काउंटरवर शोधाशोध. औषधं बॅगेत घालू नका, जवळ ठेवा.

तोक्योला जाताना डाव्या हाताला 'ई'च्या बाजूने फूजी दिसतो. तिकडे दोनच सीट असतात, त्या आई-बाबांना द्या. आणि तिघांना तीन आयसी कार्डं (प्रवासाची प्रीपेड कार्डं) लागतात, एक कार्ड तीनदा टेकवून चालत नाही.

---

कामो_काठ:

कोयासानला पाठवा, पण एकटे नको. तुम्ही जा. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाइ रेल्वे गोकुराकुबाशीपर्यंत, मग केबल कार, मग बस. केबल कारपासून गावापर्यंतचा रस्ता फक्त बसचा आहे, चालत जाऊ देत नाहीत. जेआरचा पास इथे चालत नाही, गाडी नानकाइची.

उंची साधारण ८०० मीटर. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री चांगलीच थंडी, लोकरीचे मोजे आणि कानटोपी घ्याच. देवळातला मुक्काम म्हणजे शुकुबो. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला, उशिरा पोचलं तर मिळत नाही. सकाळची पूजा सहा-साडेसहाला. बुकिंग करतानाच 'इसु', म्हणजे खुर्ची, पूजेला आणि जेवणाला हवी असं लिहा, बहुतेक देवळं देतात. न्हाणीघर सामाईक असतं, आईंना संकोच वाटत असेल तर खोलीतच न्हाणी असलेला शुकुबो शोधा, महाग पडतो.

ओकुनोइन या दफनभूमीचा इचिनोहाशी पुलापासूनचा रस्ता दोन किलोमीटर, उंच देवदारांतून, दोन्हीकडे दोन लाखांवर थडगी. गुडघ्यांसाठी बसने 'ओकुनोइन-माए'ला उतरा, अंतर निम्मं होतं. शेवटच्या पुलापलीकडे फोटो नाहीत.

आणि गावातच कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं होतं. वाट वाकडी करावी लागत नाही.

---

मेतकूट:

शुकुबोतलं जेवण शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध देवळांचं शाकाहारी जेवण. मांस-मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात हे फार सांगावं लागत नाही. दाशी कोम्बु-शिइताकेची. कोयासानचं तिळाचं तोफू आईंना आवडेल, खरवसाच्या वळणाचं, फक्त गोड नाही. तरी 'कात्सुओ नाही ना' हे बुकिंगमध्ये विचाराच, शोजिन नाव लावून हॉटेलं काहीही वाढतात, देवळांत तसं सहसा होत नाही.

तोक्योत निशि-कासाइला खोली घ्या. तोझाइ लाइनवर आहे, भारतीय वस्ती मोठी, तूरडाळ-कणीक-हिंग चालत मिळतं आणि जेवणाची ठिकाणंही. शेवटचे चार दिवस घरचं खाल्ल्यासारखे जातील.

तोक्योत असाकुसाला गेलात तर सेन्सोजी देवळापासून दहा-पंधरा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. शोदेन किंवा शोतेन म्हणजे आपला गणपती. पण आई-बाबांना आधीच सांगा की मूर्ती दिसणार नाही, ती कायम झाकलेली असते. जागोजागी दिसतील ते मुळे आणि पैशाची पिशवी. इथे दुर्वा-मोदक नाही, अख्खा पांढरा मुळा वाहतात, देवळातच विकत मिळतो. टेकाड छोटं आहे, तरी पायऱ्या नको असतील तर वर न्यायला छोटी फुकट रेल्वे आहे.

---

व्हरांडा:

खरेदीचं राहिलं. करमाफी आई-बाबांच्या पासपोर्टवर मिळते, तुम्हाला नाही. तोच शिक्क्याचा नियम. २०२६च्या १ नोव्हेंबरपासून नवी पद्धत: दुकानात कर भरूनच वस्तू घ्यायची, आणि देश सोडताना कस्टममध्ये नोंद झाल्यावर परतावा. म्हणजे पैसे बाबांच्या कार्डाने द्या आणि पासपोर्टही त्यांचाच दाखवा. तुमच्यासाठी घेतलेला राइस कुकर त्यांच्या नावावर दाखवायची युक्ती करू नका. वस्तू देशाबाहेर जाणं हीच अट आहे, कस्टमने 'दाखवा' म्हटलं आणि वस्तू जवळ नसली की परतावा मिळत नाही.